हिमशिखराचे वाटाडे

पर्वतारोहणाच्या इतिहासात शिखराच्या नावापुढे बहुधा एकच नाव लिहिलेले आढळते. अमक्या साली अमक्या गृहस्थाने अमके शिखर सर केले, हे वाक्य शाळेच्या पुस्तकापासून ज्ञानकोशापर्यंत सर्वत्र चालत आलेले आहे. परंतु त्या गृहस्थाच्या चार पावले पुढे, हाती कुऱ्हाड घेऊन, कठीण बर्फात पायऱ्या खोदीत जो माणूस चालत होता, त्याचे नाव त्या वाक्यात येत नाही. हा माणूस म्हणजे वाटाड्या. पैसे भरून मोहिमेत सामील व्हावे आणि जाणत्या माणसाच्या मागोमाग हिमाच्छादित शिखर चढावे, हा प्रकार आज जगभर रूढ झाला आहे. त्याचा उगम सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी आल्प्स पर्वतातील एका लहानशा खोऱ्यात झाला. त्या उगमापाशीच एक प्रश्न उभा राहिला. पैसा एकाचा आणि पुढचे पाऊल दुसऱ्याचे. मग ‘आता मागे फिरा’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी त्या खोऱ्याला जी किंमत द्यावी लागली, तिची ही हकीकत आहे.

फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड यांच्या सरहद्दी जेथे एकमेकींना भिडतात, त्याच्या जवळच आल्प्समधील सर्वांत उंच शिखर माँ ब्लाँ उभे आहे. त्याची उंची सुमारे ४,८०७ मीटर, म्हणजे पावणेसोळा हजार फुटांच्या आसपास भरते. माथ्यावरील बर्फाचा थर कमीअधिक होत असल्यामुळे हा आकडाही थोडाफार बदलतो. शिखराच्या उत्तर पायथ्याशी शामोनीचे खोरे आहे. अठराव्या शतकात हा सव्हॉय प्रांत सार्डिनियाच्या राजाकडे होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तो फ्रेंचांनी घेतला, पुढे पुन्हा राजाकडे गेला आणि १८६० मध्ये कायमचा फ्रान्समध्ये सामील झाला. राज्ये बदलली तरी खोऱ्यातील माणसांचे दारिद्र्य फारसे बदलले नाही. थोडी शेती, थोडी गुरे, आणि उन्हाळ्यात कडेकपारींतून स्फटिक शोधणे किंवा शॅम्वा नावाच्या रानबोकडाची शिकार करणे, यांवर त्यांची गुजराण चाले. हिमनदीवर जावयाचे ते पोटासाठी; नुसत्या मौजेखातर तिकडे जाण्याचे वेड गावात कोणासही नव्हते.

ते वेड बाहेरून आले. १७४१ मध्ये विंडहॅम व पोकॉक हे दोन इंग्रज प्रवासी शामोनीस आले आणि तेथील मोठी हिमनदी पाहून थक्क झाले. त्यांच्या वर्णनांमुळे युरोपातील सुशिक्षित वर्गाचे लक्ष या खोऱ्याकडे वळले. १७६० मध्ये जिनीव्हाचा होरास बेनेदिक्त द सोस्यूर हा वीस वर्षांचा तरुण तेथे आला. पुढे तो निसर्गशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्धीस चढला. माँ ब्लाँच्या माथ्यावर जाण्याची वाट जो शोधून काढील त्यास बक्षीस देऊ, असे त्याने जाहीर केले. खोऱ्यातील शिकारी व स्फटिक शोधणारे यांना आपल्या अंगच्या गुणाला बाजारात किंमत आहे, हे प्रथम त्या दिवशी कळले. तरीही बक्षीस हस्तगत व्हावयास तब्बल सव्वीस वर्षे लागली. रात्र बर्फावर काढली तर माणूस जगत नाही, अशी लोकांची समजूत होती, आणि एका दिवसात जाऊन येण्याइतके ते शिखर जवळ नव्हते.

८ ऑगस्ट १७८६ रोजी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास दोन माणसे माथ्यावर पोहोचली. एक झाक बालमा हा स्फटिक शोधणारा. दुसरा मिशेल गाब्रिएल पाकार हा शामोनीचाच डॉक्टर. त्यांच्यापाशी दोर नव्हता, बर्फाची कुऱ्हाड नव्हती. लोखंडी टोकाच्या लांब काठ्या व डॉक्टरचे वायुभारमापक यंत्र एवढेच साहित्य होते. परत येताना बर्फावरील प्रखर प्रकाशाने पाकारची दृष्टी तात्पुरती गेली आणि बालमाने त्याला सांभाळून आणले. बक्षीस बालमाला मिळाले आणि राजाकडूनही त्याचा गौरव झाला. परंतु लवकरच बालमा हाच खरा वीर, पाकार केवळ त्याने ओढून नेलेला माणूस, असा प्रवाद उठला. बूरी नावाच्या एका लेखकाने त्यास खतपाणी घातले, आणि १८३२ मध्ये अलेक्झांडर द्यूमा या कादंबरीकाराने वृद्ध बालमाच्या तोंडून ऐकलेली रसभरित कथा जगभर पसरविली. त्या दिवशी शामोनीहून दुर्बिणीतून चढाई पाहणाऱ्या एका जर्मन सरदाराची टिपणे पुढे उजेडात आली, तेव्हा डॉक्टरचा वाटा बरोबरीचा होता हे सिद्ध झाले. १८८७ मध्ये शामोनीत जो पुतळा उभारला गेला त्यात बालमा सोस्यूरला शिखर दाखवीत आहे. पाकारचा पुतळा उभा राहावयास १९८६ साल उजाडले. पहिल्याच चढाईत श्रेयाची वाटणी अशी चुकली. नवल एवढेच की, येथे अन्याय झाला तो वाटाड्यावर नव्हे, त्याच्या सोबत्यावर.

पुढच्याच वर्षी सोस्यूर स्वतः निघाला. त्याच्यासोबत त्याचा एक नोकर आणि अठरा वाटाडे होते. तंबू, अंथरूण, शिडी, अन्नसामग्री आणि नाना प्रकारची यंत्रे त्यांच्या पाठीवर होती. भेगा पडलेल्या हिमनदीवरून जाताना दोन वाटाडे एक लांब काठी दोहों टोकांस धरीत आणि प्रवासी तिला कठड्याप्रमाणे धरून मधून चाले. ३ ऑगस्ट १७८७ रोजी सोस्यूर माथ्यावर पोहोचला व साडेचार तासांच्या आसपास तेथे राहिला. हवेचा दाब किती, पाणी किती अंशांवर उकळते, आकाशाची निळाई किती गडद दिसते, हे सर्व त्याने मोजले. विरळ हवेत शंभर अंशांच्या बरेच खाली पाणी उकळते, याचा प्रत्यक्ष अनुभव एवढ्या उंचीवर त्याने घेतला. त्याच्या ग्रंथांनी शास्त्रात भर पडली आणि शामोनीत एक नवा धंदा जन्मास आला.

नेपोलियनची युद्धे संपल्यावर त्या धंद्याला तेजी आली. उन्हाळा लागला की इंग्लंडातून, जर्मनीतून, रशियातून प्रवासी येऊ लागले. त्यांतील बहुतेक हिमनदीचे दर्शन घेऊन परत जात. मोजकेच माथ्यावर जाण्याचा हट्ट धरीत. ते वाटाड्यांशी सौदा करीत, वाटाडे शिधा बांधीत आणि बायकामुलांचा निरोप घेऊन निघत. नियम असे काहीच नव्हते. हवा बिघडली तर कोणाचे ऐकावयाचे, हे लिहून ठेवण्याची गरज कोणास वाटली नव्हती.

१८२० च्या ऑगस्ट महिन्यात ती वाटली. रशियाच्या झारच्या सेवेत असलेला डॉ. योझेफ हामेल हा शास्त्रज्ञ शामोनीस आला. त्याच्याबरोबर ऑक्सफर्डचे डॉर्नफर्ड व हेंडरसन असे दोघे इंग्रज आणि जिनीव्हाचा सेलीग हे गृहस्थ होते. बारा वाटाडे घेऊन १८ ऑगस्ट रोजी ही मंडळी निघाली व हिमनदीच्या मध्ये बेटासारख्या उभ्या असलेल्या ग्राँ म्यूले या खडकांवर मुक्कामास राहिली. रात्री वादळ सुरू झाले. दुसरा संपूर्ण दिवस पाऊस, गारा आणि मेघगर्जना यांत एका तंबूत दाटीवाटीने काढावा लागला. खाली पाऊस पडत होता, त्या वेळी वरच्या उतारांवर नवे बर्फ साचत होते. २० तारखेस पहाटे आकाश निवळले. सेलीगने पुढे येण्यास साफ नकार दिला. दोन वाटाडे त्याच्यापाशी थांबले. उरलेले निघाले.

वाटाड्यांचे मत परत फिरण्याचे होते, पण डॉक्टरने त्यांच्या धैर्याबद्दल शंका घेतली म्हणून ते चालू लागले, अशी हकीकत शामोनीत पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. सांगता सांगता तिला थोडा रंग चढला असेल. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. चौघां प्रवाशांपैकी एकास भय वाटले व तो थांबला. थांबण्यात त्याचे फक्त शिखर हुकले. रोजावर बांधलेला वाटाड्या असा थांबता तर त्याची मजुरी बुडाली असती, आणि भित्रा म्हणून नाव झाले तर पुढच्या हंगामातही त्याला कोणी विचारले नसते. ज्याला धोका अधिक कळत होता, त्यालाच नाही म्हणणे अधिक महाग पडत होते.

ग्राँ प्लातो या विस्तीर्ण बर्फाळ पठारावर न्याहारी करून ही मंडळी शेवटच्या उतारास लागली. एकामागे एक अशी रांग आडव्या दिशेने उतार कापीत चालली होती. पुढे पायवाट पाडणारे वाटाडे, मागे प्रवासी. जुन्या घट्ट बर्फाच्या गुळगुळीत पाठीवर दोन दिवसांचे ताजे बर्फ नुसते टेकून राहिले होते. पावलांच्या रांगेने ते आडवे चिरले गेले आणि एकदम सर्वच्या सर्व उतार हलला. कोणी ओरडण्यापूर्वी सारी रांग हिमलोटाबरोबर खाली घसरू लागली. मागचे लोक थोडक्यात अडकून राहिले व बर्फातून धडपडत बाहेर आले. पुढच्यांपैकी काही जण उताराच्या तळाशी असलेल्या भेगेत फेकले गेले. झोझेफ मारी कुते, झुलियँ देव्वासू व मातिए बालमा हे बचावले. पिएर बालमा, पिएर कारिए व ओग्युस्त तेराझ हे तिघे वर आले नाहीत. त्या भेगेत काठ्या खुपसून, हाका मारून, वाचलेल्यांनी पुष्कळ शोध केला. शेवटी तिघांस तेथेच सोडून सर्वांस उतरावे लागले. गावात तीन घरांवर आकाश कोसळले. प्रवाशांपैकी एकाच्याही जिवास अपाय झाला नव्हता.

या घटनेने शामोनी हादरले. डोंगरात मृत्यू ही त्या लोकांना नवी गोष्ट नव्हती; शिकारी कड्यावरून पडत, स्फटिक शोधणारे भेगेत गडप होत. पण ते आपल्या इच्छेने व आपल्या पोटासाठी गेलेले असत. येथे तिघे जण परक्याच्या हौसेपायी गेले होते, आणि त्यांच्या कुटुंबांची जबाबदारी कायद्याने कोणाचीच नव्हती. पुढल्याच वर्षी, १८२१ मध्ये, गावाने वाटाड्यांचे मंडळ स्थापन केले. १८२३ मध्ये राजाची मान्यता मिळून त्याचे नियम पक्के झाले. जगातील पर्वतीय वाटाड्यांची ही पहिली संघटना. आणि ती आजही चालू आहे.

त्या नियमांकडे पाहिले म्हणजे एका गरीब खेड्याने किती शहाणपणाने विचार केला होता, हे ध्यानात येते. कोणासही वाटाड्या म्हणवून घेता येईना. मंडळाच्या यादीत नाव असावे लागे. दर ठरवून दिला, म्हणजे कमी मजुरीत जीव धोक्यात घालण्याची चढाओढ बंद झाली. माँ ब्लाँवर जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशास चार वाटाडे घेणे भाग पडले. काम पाळीने मिळे: यादीत ज्याचे नाव पुढे त्याने निघावयाचे. यामुळे एखाद्या वाटाड्याने हवा पाहून नकार दिला तरी गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाऊन त्याच्यापेक्षा धाडसी माणूस निवडू शकत नसे. मिळकतीचा काही भाग आजारी वाटाडे, विधवा व पोरकी मुले यांच्यासाठी साहाय्यनिधीत जाई. आपल्याकडे गावकीत जसे वतनदारांचे हक्क व कर्तव्ये बांधलेली असत, तसाच काहीसा हा प्रकार होता. फरक एवढाच की, येथे वाटून घेतला गेला तो धोका.

या व्यवस्थेत दोषही होतेच. पाळीच्या नियमामुळे निष्णात वाटाड्याऐवजी एखादा सुमार माणूस वाट्यास येई, आणि एकट्यादुकट्या प्रवाशावर खर्चाचा डोंगर कोसळे. १८५७ मध्ये लंडनला आल्पाइन क्लब स्थापन झाला. त्यातील सभासदांनी या नियमांवर कडाडून टीका केली. त्याआधी १८५५ मध्येच चार्ल्स हडसन, एडवर्ड केनेडी आदी इंग्रजांनी दुसऱ्या बाजूने, वाटाड्यांवाचून, माँ ब्लाँ चढून दाखविला होता. शामोनीची मक्तेदारी त्यांना जाचक वाटत होती, आणि तसे वाटण्यास जागाही होती. परंतु मक्तेदारी म्हणून ज्याची निंदा होत होती, त्याच्या मुळाशी तीन माणसांचे मरण होते, हे परक्यांच्या नजरेस क्वचितच येई. खुद्द वाटही आता बदलली होती. १८२७ मध्ये फेलोज व हॉज या प्रवाशांच्या वाटाड्यांनी हिमलोटांचा तो उतार टाळून बाजूने जाणारा मार्ग काढला, व पुढे बरीच वर्षे तोच वापरात राहिला.

धंदा पुन्हा वाढीस लागला. शामोनीचीच मारी पारादी ही मोलकरीण १८०८ मध्ये वाटाड्यांच्या आधाराने माथ्यावर जाऊन आली होती. १८३८ मध्ये आंरिएत दांझव्हील ही चव्वेचाळीस वर्षांची सरदार घराण्यातील स्त्री सहा वाटाडे व सहा ओझेकरी घेऊन शिखरावर गेली. तिला सर्वांनी वेडात काढले होते. ती मात्र शेवटपर्यंत आपल्या पायांनी चालली. माथ्यावर वाटाड्यांनी तिला हातांवर उचलून धरले, म्हणजे ती माँ ब्लाँपेक्षाही उंच झाली! १८५१ मध्ये अल्बर्ट स्मिथ या इंग्रज लेखकाने तर जणू वऱ्हाडच नेले. तो व ऑक्सफर्डचे तीन तरुण मिळून चौघे. त्यांच्यासाठी सोळा वाटाडे आणि वर ओझेकऱ्यांचा तांडा. शिध्याच्या यादीत साध्या दारूच्या साठ बाटल्या, लहानमोठ्या सेहेचाळीस कोंबड्या, वीस पाव, दहा चीज, शिवाय मेंढ्याच्या तंगड्या! परत गेल्यावर स्मिथने लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये चित्रांसह या चढाईचे कथन सुरू केले. १८५२ पासून सुमारे सहा वर्षे तो खेळ गर्दी खेचीत राहिला. घरबसल्या हिमशिखराची हौस लोकांच्या मनात उत्पन्न करणारा असा माणूस त्यापूर्वी झाला नव्हता. त्याच्या श्रोत्यांपैकी कितीतरी जण पुढे खरोखरीच शामोनीस गेले.

या गजबजाटात १८२० चे ते तिघे जवळजवळ विस्मृतीत गेले असते. हिमनदी मात्र त्यांना विसरली नव्हती. उंचावर पडलेले बर्फ वर्षानुवर्षे दाबले जाऊन त्याचे घट्ट हिम होते आणि ते आपल्याच भाराने अत्यंत मंद गतीने खाली सरकते. खाली पोहोचल्यावर वितळते व पोटात जे काही असेल ते बाहेर टाकते. १७८८ मध्ये सोस्यूरने वरच्या भागात टाकून दिलेल्या शिडीचे तुकडे १८३२ मध्ये पुष्कळ खाली सापडले होते. स्कॉटलंडचा शास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्स याने १८४२ पासून शामोनीच्या मोठ्या हिमनदीवर खुणा रोवून तिची गती मोजली. तिचा मध्यभाग कडांपेक्षा जलद सरकतो, ती रात्रीही थांबत नाही, हे त्याने दाखवून दिले. याच हिशेबावरून त्याने सांगितले की, हामेलच्या मोहिमेतील मृतांचे अवशेष अपघातानंतर सुमारे चाळीस वर्षांनी बोसाँ हिमनदीच्या पायथ्याशी दिसू लागतील.

ऑगस्ट १८६१ मध्ये, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी, एक वाटाड्या धापा टाकीत शामोनीच्या कचेरीत आला. त्याच्या पाठीवरील ओझ्यात मनुष्याच्या अस्थी, हातापायांचे तुकडे, कपड्यांच्या चिंध्या होत्या. बोसाँ हिमनदीच्या मुखापाशी बर्फाने त्या बाहेर टाकल्या होत्या. मग एकेक वस्तू मिळत गेली. चेपलेला कंदील, टोपी, आणि शिध्यातील मेंढीची तंगडी देखील! बर्फात मांस कुजले नव्हते. उघड्या हवेत आल्यावर मग त्याला वास सुटला. हे सारे ओळखण्यासाठी गावात एक माणूस हयात होता. हिमलोटातून वाचलेला झोझेफ मारी कुते आता सत्तरीपलीकडे गेला होता. अवशेष त्याच्यापुढे मांडले गेले. त्यांत एक हात होता. बर्फाने तो जसाच्या तसा राखला होता. म्हाताऱ्याने तो पाहिला आणि हा पिएर बालमाचाच, म्हणून ओळखला. ज्यांना तो तरुणपणी भेगेत सोडून आला होता, ते तरुणच राहिले होते. म्हातारा झाला होता तो एकटा. डॉ. हामेलही त्या वेळी जिवंत होता. पुढील वर्षी, १८६२ मध्ये, तो वारला.

शास्त्रज्ञांच्या दृष्टीने फोर्ब्सचे भाकीत खरे ठरल्याचा तो आनंदाचा दिवस होता. गावाच्या दृष्टीने ते चाळीस वर्षे लांबलेले अंत्यकर्म होते. एका प्रवाशाच्या दोन दिवसांच्या हौसेचा हिशेब हिमनदीने एका पिढीनंतर पुरा केला, आणि तो गावाच्या दारात आणून ठेवला.

तरीही प्रश्न मिटला नव्हता; त्याने फक्त नवे रूप घेतले. आता वाटाडे व प्रवासी एकाच दोरात बांधले जाऊ लागले होते. एकाचा पाय घसरला तर दुसऱ्यांनी सावरावे, ही कल्पना उदात्त होती. पण दोर वाचवितो तसा ओढूनही नेतो. १४ जुलै १८६५ रोजी स्वित्झर्लंडमधील मॅटरहॉर्न हे ४,४७८ मीटर उंचीचे शिखर प्रथमच सर झाले. एडवर्ड व्हिंपर, मघाशी ज्याचा उल्लेख आला तो चार्ल्स हडसन, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस व हॅडो हे चार इंग्रज. शामोनीचा मिशेल क्रोझ आणि झर्माटचे टाउगवाल्डर पितापुत्र हे तीन वाटाडे. हॅडो जेमतेम एकोणीस वर्षांचा. त्याला अशा चढाईचा सराव नव्हता. उतरताना सर्वांत पुढे क्रोझ होता. आपली कुऱ्हाड बाजूस ठेवून तो हॅडोचे एकेक पाऊल हाताने धरून खडकावर टेकवीत होता. हॅडो घसरला, क्रोझवर आदळला, आणि त्या दोघांच्या भाराने हडसन व डग्लस खेचले गेले. वृद्ध टाउगवाल्डर व व्हिंपर खडकाला घट्ट बिलगून राहिले, पण त्यांच्या व त्या चौघांच्या मधला दोर तुटला. चौघे हजारो फूट खाली हिमनदीवर कोसळले. डग्लसचा देह कधीच मिळाला नाही.

तुटलेला दोर सर्वांत कच्चा होता असे आढळले. जीव वाचविण्यासाठी टाउगवाल्डरने तो मुद्दाम कापला, अशी कुजबुज झाली; चौकशी होऊन तो निर्दोष ठरला, तरी लोकांच्या जिभेतून मात्र तो सुटला नाही. अननुभवी तरुणास बरोबर घेण्याचा निर्णय प्रवाशांनी केला होता. त्याचे पाऊल धरून ठेवणाऱ्या वाटाड्याचा त्यात जीव गेला, आणि वाचलेल्या वाटाड्याची अब्रू. झर्माटच्या संग्रहालयात तो तुटका दोर आजही ठेवलेला आहे.

आल्प्समधील हीच पद्धत पुढे हिमालयात आली, पण तिच्यातील नियम तितक्या लवकर आले नाहीत. ७ जून १९२२ रोजी एव्हरेस्टच्या तिबेटकडील बाजूस जॉर्ज मॅलरी, सॉमरव्हेल व क्रॉफर्ड हे तिघे इंग्रज चौदा ओझेकऱ्यांना घेऊन ताज्या बर्फाचा उतार चढत होते. १८२० साली झाले तेच झाले. उतार सुटला, नऊ ओझेकरी खालच्या भेगेत फेकले गेले, आणि त्यांतील सात मरण पावले. तिघांही इंग्रजांपैकी कोणी दगावला नाही, ही गोष्ट सॉमरव्हेलच्या मनाला फार लागली. पुढे १९५३ मध्ये तेनसिंग व हिलरी एकाच दोराने बांधलेले एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयीन पर्वतारोहण संस्था स्थापन होऊन तेनसिंग तेथे गुरुस्थानी बसला, तेव्हा ओझेकऱ्यास प्रथमच आचार्याची जागा मिळाली. दार्जिलिंग आणि १९६५ मध्ये निघालेली उत्तरकाशीची संस्था, येथे महाराष्ट्रातील तरुणही बर्फावरील पहिले धडे घेत आले आहेत.

१९८५ मध्ये डिक बास हा पंचावन्न वर्षांचा अमेरिकन उद्योजक जाणत्या गिर्यारोहकाच्या सोबतीने एव्हरेस्ट चढून आला, आणि पैसे भरून त्या शिखरावर जाण्याचे युग सुरू झाले. १९९६ च्या मे महिन्यात त्याची कसोटी लागली. परत फिरण्याची वेळ टळून गेल्यावरही अनेक जण माथ्याकडे चालत राहिले; वादळाने गाठले, आणि पर्वताच्या दोन्ही बाजू मिळून आठ जण गेले. त्यांत रॉब हॉल व स्कॉट फिशर हे दोन मोहिमांचे प्रमुख वाटाडेही होते. वर्षानुवर्षे पैसा साठवून आलेल्या माणसाला शिखर डोळ्यांपुढे दिसत असताना ‘परत चला’ म्हणणे किती कठीण असते, हे त्या दिवशी साऱ्या जगाने पाहिले. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार ठार झाले. इतरांसाठी वाट तयार करण्याकरिता व सामान पोहोचविण्याकरिता ते पहाटे निघाले होते. त्यांच्या बांधवांनी त्या हंगामात काम थांबविले व कुटुंबांसाठी अधिक भरपाई मागितली. शामोनीने १८२१ मध्ये जे मागितले होते, त्याहून ते फारसे निराळे नव्हते.

मार्गदर्शकासह हिमशिखरावर जाण्यात गैर काहीच नाही. उलट अनोळखी बर्फावर जाणत्याचा हात धरणे हाच शहाणपणा होय. परंतु मोहिमेत नाव नोंदविताना पैसा दिला म्हणजे शिखर विकत घेतले, असे जो समजतो, तो १८२० मधील चूक पुन्हा करावयास निघालेला असतो. पैशाने मिळते ते एका अनुभवी माणसाचे ज्ञान. आणि त्या ज्ञानाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्याचा नकार. म्हणून निघण्यापूर्वीच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. परतीची वेळ कोणती ठरली आहे, ती कोण पाळविणार, ओझे वाहणाऱ्यांचा विमा किती आहे, हवा बिघडल्यास शेवटचा शब्द कोणाचा? ज्या मोहिमेत या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळतात, तीत सामील व्हावे. मिळत नसतील, तर शिखर कितीही सुंदर असो, घरी राहिलेले बरे.

शामोनीत दरवर्षी १५ ऑगस्टला वाटाड्यांचा उत्सव असतो. दोर व कुऱ्हाडींना धर्मगुरू आशीर्वाद देतात, दिवंगत वाटाड्यांची नावे उच्चारली जातात, आणि उत्सवात जमलेला पैसा साहाय्यनिधीत टाकला जातो. मग दुसऱ्या दिवशी पहाटे, हवा चांगली असेल तर, यादीतले वाटाडे आपापल्या प्रवाशांना घेऊन पुन्हा बर्फाकडे निघतात.